वाढीव तेवीस हजार नेमके कशाचे?

प्रश्न : माझ्या मुलीला यंदा पुण्यात संगणक अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला आहे आणि तिच्यासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे. दुकानात एकाच कंपनीचे, दिसायला अगदी सारखे असे दोन लॅपटॉप दाखवण्यात आले. पहिल्यात आय५-१३३५यू प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी असून त्याची किंमत ५६,००० रुपये आहे. दुसऱ्यात आय७-१३५५यू प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि १ टीबी एसएसडी असून तो ७९,००० रुपयांना आहे. स्क्रीन, बॅटरी आणि वजन दोन्हींचे सारखेच आहे. ‘एकदाच पैसे घाला, चार वर्षे बघायला नको,’ असे दुकानदार सांगतात. आयटीत नोकरी करणारा माझा भाचा मात्र ग्राफिक्स कार्ड असलेलाच लॅपटॉप घ्या, असे म्हणतो. मी तीन वर्षांनी निवृत्त होणार आहे, त्यामुळे तेवीस हजार ही माझ्यासाठी लहान रक्कम नाही. हे पैसे घालणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण दोन्ही लॅपटॉपांचे तपशील मॉडेल क्रमांकांसह कळवले, हे फार बरे केले, त्यामुळे उत्तर नेमके देता येते. दुकानात हा प्रश्न ‘साधा की भारी’ असा मांडला जातो आणि तिथेच ग्राहकाची गफलत होते. आपल्याकडून मागितले जाणारे तेवीस हजार रुपये एका वस्तूचे नाहीत. प्रोसेसर (संगणकाचा मेंदू), रॅम (चालू कामापुरती मेमरी) आणि साठवणूक (फायली कायम ठेवणारी एसएसडी) अशा तीन निरनिराळ्या वस्तूंची ती मोट आहे. या तिघांपैकी एक आपल्या मुलीला नक्की लागेल, एक पुढे केव्हाही घेता येईल आणि एकीचा फरक तिला बहुधा कधी जाणवणारही नाही.

प्रथम प्रोसेसर पाहू, कारण किंमत वाढवताना सर्वांत मोठ्या अक्षरांत तोच लिहिलेला असतो. आय५-१३३५यू आणि आय७-१३५५यू हे दोन्ही प्रोसेसर इंटेलच्या तेराव्या पिढीचे असून दोन्हींत दहा-दहाच कोअर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे भाग, आहेत. त्यांपैकी दोन वेगवान आणि आठ कमी वीज खाणारे, ही विभागणीही सारखीच आहे. दोन्हींची कॅश, म्हणजे प्रोसेसरमधील जलद मेमरी, १२ एमबी आणि दोन्हींची मूळ वीजमर्यादा १५ वॉट आहे. फरक आहे तो मुख्यतः सर्वोच्च वेगात : आय५ चा ४.६ गिगाहर्ट्झ, तर आय७ चा ५ गिगाहर्ट्झ. म्हणजे कागदावरही हा फरक नऊ टक्क्यांच्या आतच राहतो. शिवाय हा वेग काही क्षणांपुरता गाठला जातो. काम लांबले की पातळ लॅपटॉपात साठणारी उष्णता दोघांनाही जवळजवळ सारख्याच वेगावर आणून ठेवते. प्रोग्रॅम लिहिणे, तो चालवून पाहणे, व्याख्यानांचे व्हिडिओ पाहणे, प्रकल्पाचे अहवाल तयार करणे या कामांत आपल्या मुलीसमोर दोन्ही लॅपटॉप झाकून ठेवले, तर कोणता कोणता हे तिला सांगता येणार नाही.

प्रोसेसरच्या क्रमांकात पाहायचे असते ते शेवटचे अक्षर आणि पिढी. ‘यू’ अक्षराचे प्रोसेसर वीज वाचवण्यासाठी बनवलेले असतात, तर ‘एच’ अक्षराचे ४५ वॉटपर्यंत सतत काम ओढण्यासाठी. याच तेराव्या पिढीतील आय५-१३५००एच या प्रोसेसरमध्ये वेगवान कोअर दोनऐवजी चार आहेत, आणि लांबलचक कामात तो आपल्याला दाखवलेल्या आय७ च्या पुढे जातो, जरी नावात आकडा पाचचाच असला तरी. इंटेलची स्पर्धक असलेल्या एएमडीच्या बाबतीत याहून अधिक सावध राहावे लागते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू ही नावे वाचताना एका आकड्याचा फरक सहज निसटतो; प्रत्यक्षात पहिल्यात जुन्या झेन २ रचनेचे चार कोअर आहेत आणि दुसऱ्यात झेन ३ रचनेचे सहा. त्या मालिकेत तिसरा आकडा रचनेची पिढी सांगतो, ही गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही.

पिढीचे महत्त्व मोठ्या रकमेपेक्षा जास्त ठरते, याचे एक ठळक उदाहरण अलीकडचेच आहे. २०१६ च्या उत्तरार्धात आलेला आय७-७५००यू त्या वेळी पातळ लॅपटॉपांतला महागडा प्रोसेसर होता, आणि त्यात दोनच कोअर होते. वर्षभरात, ऑगस्ट २०१७ मध्ये, आठव्या पिढीचा आय५-८२५०यू आला आणि त्यात चार कोअर होते. पुढे विंडोज ११ आले तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत तो आय५ बसला आणि आदल्या वर्षीचा आय७ बाहेर राहिला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले, तेव्हा ज्यांनी आय७ या अक्षरांसाठी जास्त पैसे मोजले होते, त्यांच्यावरच अडचणीची वेळ आली. ‘चार वर्षे बघायला नको’ हे आश्वासन दुकानदार मनापासून देत असतील; पण प्रोसेसरच्या नावातील सात हा आकडा त्या आश्वासनाला आधार देत नाही.

रॅमची गोष्ट मात्र अगदी वेगळी आहे, आणि आपल्या निर्णयाचा खरा गाभा इथेच आहे. विंडोज ११ ची किमान अट केवळ ४ जीबीची असली, तरी ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपात विंडोज आणि पार्श्वभूमीला चालणारे प्रोग्रॅम मिळून साधारण निम्मी रॅम आधीच व्यापतात. शिवाय वेगळे ग्राफिक्स कार्ड नसल्यास पडद्यावरील चित्रांसाठी लागणारी मेमरीही त्यातूनच घेतली जाते. उरलेल्या जागेत ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब, प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन आणि ऑनलाइन व्याख्यान एकाच वेळी चालवायचे म्हटले की रॅम भरते, आणि मग संगणक तिच्यातील मजकूर एसएसडीवर हलवू लागतो. एसएसडी कितीही चांगली असली, तरी रॅमच्या तुलनेत तिचा प्रतिसाद शेकडो पटींनी मंद असतो. ‘लॅपटॉप हँग होतो’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या अडचणीचे मूळ बहुतेक वेळा प्रोसेसरमध्ये नसून या ये-जा करण्यात असते. संगणक अभियांत्रिकीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी व्हर्च्युअल मशीन (संगणकातला आभासी संगणक), डेटाबेस, डॉकर किंवा मोबाइल ॲप बनवण्याचे साधन असलेला अँड्रॉइड स्टुडिओ वापरण्याची वेळ येते. त्यांपैकी अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसह, म्हणजे पडद्यावरच्या आभासी फोनसह, चालवायचा असेल, तर किमान १६ जीबी रॅम हवी, असे गूगलनेच आपल्या अटींत नमूद केले आहे. मोठ्या कंपन्यांनीही हा उंबरठा मान्य केला आहे. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये कोपायलट-प्लस या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सोयी असलेल्या संगणकांसाठी किमान १६ जीबीची अट घातली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने किंमत न वाढवता मॅकबुक एअरची मूळ रॅम आठवरून सोळा केली. म्हणून आपल्या मुलीसाठी १६ जीबी ही चैन नाही, ती गरज आहे, हे मी निःशंकपणे सांगतो.

आता प्रश्न असा की ती १६ जीबी आजच घ्यायची की पुढे वाढवायची. याचे उत्तर लॅपटॉपाच्या पोटात आहे. काही लॅपटॉपांत रॅमची पट्टी खोबणीत बसवलेली असते. ती काढता येते आणि तिच्या शेजारी दुसरी घालता येते. काहींत मात्र रॅम मदरबोर्डला सोल्डर करून पक्की बसवलेली असते. अशा यंत्रात विकत घेताना जेवढी रॅम आली तेवढीच शेवटपर्यंत. तपशिलात ‘एसओ-डिम स्लॉट’ असे लिहिले असेल तर खोबण आहे असे समजावे; ‘एलपीडीडीआर५’ किंवा ‘ऑनबोर्ड’ असे लिहिले असेल, तर रॅम बहुधा पक्की बसवलेली आहे. काही मॉडेलांत आठ जीबी पक्की आणि शिवाय एक खोबण मोकळी असते. कंपनीच्या संकेतस्थळावर पूर्ण मॉडेल क्रमांक टाकून हे पाहावे. दुकानातील तोंडी उत्तरावर विसंबू नये. हे मी आग्रहाने सांगतो, कारण आमच्या घरी नेमकी हीच चूक झाली. ‘रॅम काय, नंतर वाढवू’ असे म्हणून ८ जीबीचा लॅपटॉप घेतला आणि दीड वर्षाने तंत्रज्ञाने झाकण उघडून दाखवले, तेव्हा तिथे खोबणच नव्हती. ज्या मुलासाठी तो घेतला होता, त्याला शेवटचे वर्ष मित्राच्या लॅपटॉपावर काढावे लागले, याची खंत मला आजही वाटते.

खोबण असली, तरी ‘नंतर स्वस्त पडेल’ हे पूर्वीचे गणित आता तसेच राहिलेले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी वाढल्यामुळे २०२५ च्या उत्तरार्धापासून रॅमचे भाव चढले आहेत. त्यामुळे सुट्या ८ जीबी पट्टीचा आजचा भाव विचारून तो दोन मॉडेलांतील फरकाशी ताडून पाहावा. पट्टी घालायचीच असेल, तर तिचा प्रकार आणि वेग मूळ पट्टीशी जुळणारा असावा. दोन पट्ट्या असल्या म्हणजे प्रोसेसरला रॅमशी बोलण्याचे दोन मार्ग मिळतात आणि अंतर्गत ग्राफिक्सचे काम लक्षणीय सुधारते, हा जोडलाभ आहे.

साठवणुकीसाठी आज एक रुपयाही जास्त देऊ नये. ५१२ जीबीची एसएसडी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते. त्यातील प्रणालीची जागा वजा केली, तरी एका विद्यार्थिनीला दोन-तीन वर्षे पुरेल एवढी ती असते. आपल्याला दाखवलेल्या किमतींच्या लॅपटॉपांत एसएसडी सहसा एम.२ खोबणीत बसवलेली असते, म्हणजे ती पुढे बदलता येते, आणि चित्रपट-छायाचित्रांसाठी बाहेरून जोडण्याची डिस्क पुरेशी होते.

तेव्हा दुकानदाराने समोर ठेवलेल्या दोन लॅपटॉपांपैकी एक निवडण्याऐवजी आपण तिसरा मागावा : हाच आय५ किंवा शक्य झाल्यास ‘एच’ अक्षराचा आय५, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी. त्या दुकानात नसेल तर दुसरीकडे पाहावे. असे संयोग बाजारात असतात, फक्त दर्शनी भागात मांडलेले नसतात. तेवीस हजारांपैकी जी रक्कम उरेल, ती ज्या गोष्टी पुढे बदलता येत नाहीत आणि ज्यांच्याकडे मुलगी रोज दहा तास पाहणार आहे, त्यांवर घालावी. स्क्रीनच्या तपशिलात ‘४५ टक्के एनटीएससी’ (रंगांची व्याप्ती) आणि ‘२५० निट’ (उजळपणा) असे लिहिले असेल, तर ती स्क्रीन फिकट आहे. एसआरजीबी या संगणकांच्या प्रमाण रंगसंचातील रंगांपैकी ती जेमतेम दोन-तृतीयांश दाखवते आणि खिडकीपाशी बसले की अक्षरे वाचण्यासाठी डोळे ताणावे लागतात. शंभर टक्के एसआरजीबी आणि ३०० निट किंवा अधिक असलेली स्क्रीन आय७ पेक्षा कितीतरी जास्त उपयोगाची. बॅटरीची क्षमता वॉट-अवरमध्ये पाहावी. ४२ आणि ५६ यांतला फरक वर्गात, जिथे चार्जिंगची सोय नसते तिथे, दररोज जाणवतो. आणि अपघाती नुकसान भरून देणारी तीन वर्षांची वॉरंटी कंपनीकडून मिळत असेल, तर ती अवश्य घ्यावी. बसच्या प्रवासात, खोलीत चहा सांडल्याने किंवा पलंगावरून पडल्याने लॅपटॉप निकामी होतो, आणि तेव्हा आत आय५ होता की आय७ याला काही अर्थ उरत नाही.

आपल्या भाच्याचा सल्ला चुकीचा नाही, परंतु तो आज लागू होत नाही. यंत्रशिक्षणाचे (मशीन लर्निंगचे) प्रयोग स्वतःच्या यंत्रावर करायचे असतील, तर एनव्हिडियाचे ग्राफिक्स कार्ड उपयोगी पडते. पण पहिली दोन वर्षे अभ्यासक्रमात गणित, भौतिकशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगचा पाया असतो, आणि पुढे लागलेच तर गूगल कोलॅब या ऑनलाइन सेवेवर मर्यादित प्रमाणात असे कार्ड विनामूल्य वापरता येते. कार्डासोबत वजन, उष्णता आणि लवकर संपणारी बॅटरी हे सारे चार वर्षे पाठीवर वाहावे लागते. प्रवेश स्थापत्य, वास्तुकला किंवा ॲनिमेशनला असता, तर मी याच्या उलट सांगितले असते.

‘तेवीस हजार म्हणजे पाच वर्षांत वर्षाला चार हजार सहाशेच’ असा हिशेब आपल्यापुढे कोणी मांडला, तर त्याने भुलू नये. भागाकार केल्यावर कोणतीही वस्तू स्वस्तच दिसते. तुलना करायची ती त्याच पैशांत दुसरे काय येते याच्याशी. प्रवेशानंतर पहिल्या काही आठवड्यांत महाविद्यालयाकडून कोणती सॉफ्टवेअर लागणार याची माहिती मिळू शकते. तोवर प्रयोगशाळेतील संगणकांवर काम भागत असेल, तर तेवढे थांबायलाही हरकत नाही.

प्रश्न : माझे नाशिकमध्ये करसल्लागाराचे कार्यालय आहे. मोठ्या एक्सेल फायली उघडल्या की लॅपटॉप अडकतो आणि कधी कधी ‘मेमरी अपुरी आहे’ असा संदेश येतो. सध्या माझ्याकडे अकराव्या पिढीचा आय५ आणि १६ जीबी रॅम आहे. विक्रेत्याने आय७ आणि ३२ जीबी रॅमचा लॅपटॉप सुचवला आहे. घसारा आणि जीएसटीचा परतावा धरता तो परवडेल, असे वाटते. आपले मत काय?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नवा लॅपटॉप घेण्यापूर्वी दोन मिनिटे खर्चून एक गोष्ट पाहावी. एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट आणि अबाउट एक्सेल या क्रमाने गेल्यास वरच्या ओळीत ३२-बिट की ६४-बिट हे लिहिलेले दिसेल. अनेक कार्यालयांत जुन्या ॲड-इनच्या, म्हणजे एक्सेलला जोडलेल्या प्रोग्रॅमच्या, सोयीसाठी किंवा केवळ सवयीने ३२-बिट आवृत्ती बसवलेली असते. ती आवृत्ती ६४-बिट विंडोजवरही जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंतच मेमरी हाताळू शकते. आपल्याकडे तीच असेल, तर १६ च्या जागी ३२ किंवा ६४ जीबी रॅम घातली तरी तो संदेश येतच राहील, कारण एक्सेल त्या रॅमपर्यंत पोहोचणारच नाही. ६४-बिट आवृत्ती बसवण्यासाठी सहसा वेगळे पैसे लागत नाहीत. मात्र आपली ॲड-इन तिच्यावर चालतात का, याची खात्री आधी एका संगणकावर करून घ्यावी.

आवृत्ती ६४-बिट असूनही अडचण येत असेल, तर लॅपटॉप अडकलेला असतानाच विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडावा. मेमरीचा आकडा ९० टक्क्यांच्या वर गेला असेल, तर रॅम वाढवण्यात अर्थ आहे, आणि आपल्या सध्याच्या यंत्रात खोबण मोकळी असल्यास तेवढ्यावरच काम होईल. मेमरी निम्मी रिकामी असेल, तर दोष फायलीच्या मांडणीत आहे. एका कोष्टकातील नोंद दुसऱ्यात शोधणारी सूत्रे आवश्यक ओळींपुरती न ठेवता संपूर्ण रकान्यावर, म्हणजे दहा लाखांहून अधिक ओळींवर लावली, की हवा तेवढा भारी संगणकही घाम गाळतो. मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधील स्वयंचलित आज्ञा, तर एका वेळी एकच कोअर वापरतात, त्यामुळे जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन त्यांचा वेग फारसा वाढत नाही. हे काम जाणणाऱ्या एखाद्या माणसाला दोन दिवसांचे मानधन देऊन आपल्या चार मुख्य फायली नीट करून घेतल्या, तर नव्या लॅपटॉपाहून अधिक वेळ वाचेल.

घसारा आणि परतावा या गोष्टी आपण माझ्याहून चांगल्या जाणता. माझे म्हणणे एवढेच की ४० टक्के घसारा स्वस्त यंत्रावरही मिळतो आणि महाग यंत्रावरही; तो खर्चाचा काही भाग हलका करतो, खर्चाची गरज सिद्ध करत नाही.

प्रश्न : मी संगीत शिक्षिका आहे. मुलांच्या भजनांचे आणि नाट्यगीतांचे कार्यक्रम आयफोनवर ४के मध्ये चित्रित करते आणि घरी संपादित करते. एम४ मॅकबुक एअर घ्यायचे ठरवले आहे. २५६ जीबीचा घ्यावा की ५१२ जीबीचा?
— एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : मार्च २०२५ मध्ये हा लॅपटॉप भारतात आला, तेव्हा १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवणुकीच्या मॉडेलची किंमत ९९,९०० रुपये आणि ५१२ जीबीच्या मॉडेलची १,१९,९०० रुपये होती. म्हणजे वीस हजारांत २५६ जीबी जास्त जागा आणि ग्राफिक्सचे आठऐवजी दहा कोअर मिळत होते. यातील काहीही नंतर वाढवता येत नाही, ही खरी अडचण आहे.

आपल्या कामाला किती जागा लागते ते मोजून पाहू. आयफोनवर ४के चित्रण सेकंदाला ३० फ्रेम या गतीने केले, तर मिनिटाला सुमारे १७० एमबी, म्हणजे तासाला दहा जीबी लागतात. ६० फ्रेमने केले, तर मिनिटाला ४०० एमबी, आणि दोन तासांच्या कार्यक्रमाला जवळजवळ ४८ जीबी. स्थिर मंचावर बसून म्हटल्या जाणाऱ्या भजनासाठी ६० फ्रेमची काहीच गरज नाही. ही एक सेटिंग बदलली, तरी निम्म्याहून अधिक जागा वाचेल. तरीही वर्षाला वीस-पंचवीस कार्यक्रम धरले, तर ५१२ जीबीसुद्धा दोन वर्षांत भरेल. चित्रण तर आपल्याला जपून ठेवायचे आहे, कारण ही मुले पुन्हा त्या वयाची होणार नाहीत. म्हणजे बाहेरची एसएसडी कोणत्याही परिस्थितीत लागणारच.

ती लागणारच असेल आणि आपण घरी टेबलाशी बसूनच काम करत असाल, तर २५६ जीबीचा लॅपटॉप घ्यावा, १ टीबीच्या दोन बाह्य एसएसडी घ्याव्यात, संपादन थेट एकीवरून करावे आणि दुसरीवर सर्व चित्रणाची प्रत ठेवावी. एकच मोठी डिस्क घेऊन तीवर सारे ठेवणे धोक्याचे आहे. एअरमध्ये पंखा नसल्याने लांब कार्यक्रम अंतिम स्वरूपात तयार होताना त्याचा वेग थोडा उतरतो. ग्राफिक्सचे दोन जास्त कोअर घेतले, तरी तो उतरणारच, म्हणून त्यासाठी वीस हजार देऊ नयेत. बाह्य एसएसडी जोडताना मात्र तिच्यासोबत आलेलीच केबल वापरावी. केवळ चार्जिंगसाठी बनवलेली यूएसबी-सी केबल तिथे बसते खरी, पण ती माहिती सहसा यूएसबी २ च्या मंद वेगानेच नेते, आणि मग चांगली एसएसडी घेऊनही संपादन अडखळत चालते.